घासून नेलेला चेहरा

शिवलीलाच्या हाताला खोट नव्हती. मशीनमधून चपाती अर्धी भाजून पट्ट्यावर पडायची. ती उलटायची, फुगवायची, फाटलेली बाजूला काढायची आणि तेल लावायला पुढे ढकलायची. आठ तास, उभ्यानं. बंगळुरात येलहंक्यातल्या एका मोठ्या स्वयंपाकघरातून हेब्बाळच्या कंपन्यांना दुपारचं जेवण जायचं. दहा वर्षांत तिच्या पाळीत चपाती कच्ची निघाल्याची तक्रार आली नव्हती. तिच्या शेजारी नवीन बाई उभी केली की ती एकच सांगायची, "अर्धवट करायचं असलं तर हात लावू नको. मी दोन्ही बाजू बघीन."

खोट होती ती कपाळाला. टोपीच्या रबराखाली मोहरी पेरल्यासारखं बारीक पुरळ उठलेलं असायचं. त्यातलं एखादं पिकायचं, ठणकायचं. तसंच खांद्यांवर आणि पाठीवर. चौतिसाव्या वर्षी तोंडावर मुरूम, म्हणून लाईनवरच्या बायका तिची चेष्टा करायच्या.

"तुझं वय मागं मागं चाललंय काय गं?" अंबूबाई विचारायची. "पुढच्या वर्षी शाळेत घालायला लागंल."

अंबूबाई चिकोडीकडची, लाईनवरची सगळ्यात जुनी बाई. बाकीच्या दहा जणी तिला अक्का म्हणायच्या आणि तिचं ऐकायच्या.

चेष्टा शिवलीलाला लागत नव्हती. लागत होतं ते हे की तिला कारण कळत नव्हतं. ती दिवसातून पाच वेळा तोंड धुवायची. साबण झाला, डाळीचं पीठ झालं, काथ्यानं घासून झालं. जितकं घासावं तितकं पुरळ वाढत होतं. आजवर तिनं घासलेली एकही वस्तू अशी वागली नव्हती. कढई घासली की निघते. मोरी घासली की निघते. मग कपाळ का नाही?

मार्च महिना लागला आणि घोडं अडलं. दरवर्षी मार्चअखेर प्रत्येकीला तब्येतीचा दाखला द्यावा लागायचा. अन्नाला हात लावणाऱ्याला त्वचेचा रोग नाही असा. कंपनीचा डॉक्टर येऊन अकरा जणींना अर्ध्या तासात तपासून जायचा. मागच्या वर्षी त्यानं शिवलीलाच्या नावापुढे लाल खूण केली होती. या वर्षी सुपरवायझर प्रणीतनं तिला बाजूला बोलावलं. प्रणीत पुण्याचा, वय सत्तावीस, माणूस वाईट नव्हता.

"शिवलीलाताई, या वेळी स्किन स्पेशालिस्टचा पेपर लागेल. थर्टी फर्स्टच्या आत. नाहीतर मला तुम्हाला फूड लाईनवर ठेवता येणार नाही."

"मग कुठं ठेवणार?"

"क्रेट वॉशिंगला जागा आहे. पण ते काँट्रॅक्टवर, तीन-तीन महिन्यांचं. लाईनची जागा एकदा भरली की परत देणं माझ्या हातात नसतं."

ती कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि परत पट्ट्यावर जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा एक चपाती जाळली.

मोठ्या सरकारी इस्पितळात त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. नवरा नंदू पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करायचा. तो म्हणाला, "जा की. तुला काय, चेहरा दाखवायचा आहे. परीक्षा थोडीच आहे."

पण तिला ती परीक्षाच वाटत होती. आणि परीक्षेची तयारी कशी करायची हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिची आई निपाणीत विड्या वळायची. संध्याकाळी तपासनीस यायचा, टोपलीतल्या विड्या बघायचा आणि वाकड्या-ढिल्या विड्या छाट म्हणून फेकून द्यायचा. आई सगळ्यात सरळ, घट्ट विड्या वरच्या थराला लावायची. "बघणाऱ्याला चांगलं दाखवावं," ती म्हणायची. "खालचं आपण उद्या सुधारू." स्वयंपाकघरातही तीच रीत होती. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्या जणी मिळून पट्टा, पत्रे, नाल्या असं सगळं घासून काढायच्या.

म्हणून शिवलीला इस्पितळात जायच्या दिवशी सकाळी लवकर उठली. काथ्यानं कपाळ आणि खांदे घासले. हात पोचेना तेव्हा पाठ नंदूकडून घासून घेतली. मग मलम लावलं, नेहमीपेक्षा जाड.

हे मलम अंबूबाईच्या कपाटातलं. लाईनवरच्या अकरा जणींत मिळून एक ट्यूब असायची. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायची. कुणाला जांघेत खाज, कुणाच्या पायाच्या बेचक्या ओल्या, कुणाला मुरूम. सगळ्यावर तेच चालायचं. हरभऱ्याएवढं घ्यायचं, दोन दिवस लावायचं, बसलं की थांबायचं आणि ट्यूब पुढचीला द्यायची. वाया काही जाऊ द्यायचं नाही. ट्यूब संपत आली की अंबूबाई ती कात्रीनं उभी चिरायची आणि आतून बोटानं पुसून घ्यायची. त्याचा सगळ्यांना अभिमान होता. त्या सकाळसाठी शिवलीलानं ट्यूब आदल्या दिवशीच घरी मागून आणली होती.

डॉक्टर भार्गवी तिशीची होती. बेळगावची, म्हणून मराठीत बोलली. तिनं भिंगातून कपाळ पाहिलं, खांदे पाहिले.

"अक्का, हे सगळे मुरूम नाहीत. थोडे मुरूम आहेत. बाकीचं हे एकसारखं बारीक दिसतंय ना, ते यीस्टचं असावं."

"पावात घालतात ते?"

"ते नाही. त्याचं लांबचं भावकीतलं. हे सगळ्यांच्याच अंगावर राहतं. माझ्याही. तेल खातं, घाम आवडतो."

शिवलीला तिच्या स्वच्छ कपाळाकडे बघत राहिली. सगळ्यांच्या अंगावर असतं तर सगळ्यांना का होत नाही, हे विचारावंसं वाटलं. 

"आम्ही इथे तेच तपासतोय. मुरूम असलेल्या लोकांच्या त्वचेवरचं यीस्ट घ्यायचं, वाढवायचं, आणि त्यावर कुठलं औषध चालतं ते बघायचं. हल्ली काहींवर नेहमीची औषधं चालत नाहीत. तुमचा नमुना घेऊ?"

शिवलीलानं कागदावर सही केली.

"मलम वगैरे काही लावता?"

चिठ्ठीशिवायचं मलम. अकरा जणींचं. दाखला सगळ्याच जणींना लागतो.

"नाही."

डॉक्टरनं चिकटपट्टी कपाळावर दाबली आणि उचलली. खांद्यावर दुसरी. काम दोन मिनिटांचं. एवढ्यानं काय कळणार, असं शिवलीलाच्या मनात आलं. तिनं घासायला तास घालवला होता.

आठ दिवसांनी ती परत गेली. डॉक्टर भार्गवीनं कागद पुढे केला, पण तिच्या भुवया जवळ आल्या होत्या.

"काही उगवलं नाही."

"म्हणजे नाहीच," शिवलीला म्हणाली. "मग दाखला द्या."

"काय लिहू त्यावर? कपाळ तर समोर दिसतंय."

भिंतीवर छोटा आरसा होता. शिवलीलानं त्यात पाहिलं. दिसत होतं. आधीपेक्षा जास्तच. आहे म्हणावं तर उगवत नाही. नाही म्हणावं तर उठलेलं आहे.

"घरी एकदा नीट आठवा," डॉक्टर म्हणाली. "पुन्हा नमुना घ्यावा लागेल."

बसमध्ये ती आठवत बसली. काय आठवायचं तेच कळत नव्हतं. तिनं काही चुकवलं नव्हतं. उलट सगळं जरा जास्तच नीट केलं होतं.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघराची तपासणी आली. लॅबचा माणूस येऊन पट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवणार होता. आदल्या दुपारी काम थांबवून सगळ्या जणी लागल्या. शिवलीलानं पट्ट्याच्या कडेची रबराची पट्टी दोन तास घासली. गरम पाणी, सोडा, पुन्हा पाणी. माणूस आला, बोळा फिरवला, गेला. चार दिवसांनी कागद आला. सगळं स्वच्छ.

त्याच दिवशी हेब्बाळच्या एका कंपनीतून तिसऱ्यांदा फोन आला की चपातीला संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो.

प्रणीत पट्ट्याजवळ कागद हातात धरून उभा राहिला. "रिपोर्ट क्लीन आहे," तो म्हणाला, बहुधा स्वतःलाच. "मग वास येतोय कुठून?"

"रिपोर्ट स्वच्छच येणार," अंबूबाई म्हणाली. "आम्ही काय उगीच हात झिजवले?"

बायका हसल्या. शिवलीला हसली नाही. तिच्या हातात उलटायची चपाती होती आणि ती उलटायची राहून गेली. रबराच्या पट्टीवर त्या माणसानं जिथं बोळा फिरवला, ती जागा तिनंच घासली होती. त्यानं पट्टा तपासलाच नव्हता. त्यानं तिचं घासणं तपासलं होतं.

आणि डॉक्टरबाईंनीही.

"चपाती जळतीया गं," अंबूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून शिवलीला इस्पितळात गेली. दीड तास रांगेत उभी राहिली. समोर गेल्यावर बसायच्या आधीच बोलली.

"मी त्या दिवशी मलम लावून आले होते. घासून, वरून मलम. तुम्ही विचारलं तेव्हा नाही म्हणाले."

डॉक्टर भार्गवीनं पेन खाली ठेवलं. "ताकाला जाऊन भांडं लपवलंत की हो अक्का."

"घाण तोंड घेऊन डॉक्टरकडं कसं यायचं?"

 डॉक्टरनं मलमाचं नाव विचारलं, आणि शिवलीलानं सगळंच सांगितलं. ट्यूब, अकरा जणी, दोन दिवसांची रीत, कात्री.

"म्हणजे वरचं घासून गेलं आणि पट्टीला नुसतं मलम चिकटलं. त्या मलमात तीन औषधं एकत्र आहेत," डॉक्टर म्हणाली. "एक सूज दाबतं, म्हणून दोन दिवसांत बसल्यासारखं वाटतं. बसत नाही, दबतं. दुसरं यीस्टवरचं आहे. पण दोन दिवसांत त्यातलं नाजूक तेवढं मरतं. चिवट उरतं. तुम्ही थांबता. मग चिवटाला सगळी जागा मोकळी. असं किती वर्षं?"

"तीन-चार."

"तेवढ्या वर्षांत तुम्ही त्याला निवडून निवडून वाढवलं असेल. नक्की काय ते नमुन्यातच कळेल."

शिवलीलाला हे मात्र समजलं. अर्धी घासलेली मोरी. वरून पांढरी, खाली शेवाळ. दुसऱ्या बाईनं तशी घासली असती तर तिनं परत घासायला लावली असती. आणि स्वतःच्या कपाळावर ती चार वर्षं तेच करत आली होती. ते तिला दिसलं कसं नाही, हे तिला काही केल्या कळेना.

"आता काय करायचं?"

"काही नाही. पंधरा दिवस काही लावायचं नाही. साबण नाही, पीठ नाही, काथ्या नाही. साधं पाणी. मग नमुना."

"काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही."

तिनं बोटांवर दिवस मोजले. पंधरा दिवसांनी पाच एप्रिल यायचा. दाखला एकतीस मार्चला हवा होता. डॉक्टरनं एका चिठ्ठीवर लिहून दिलं की उघडी जखम नाही, अन्नातून पसरणारा आजार दिसत नाही, तपास चालू आहे. "रोग नाही असं मला अजून लिहिता येत नाही," ती म्हणाली. "पुढचं तुमच्या साहेबांवर."

काम करण्यात शिवलीला कधी थकली नव्हती. काही न करण्यात ती आठवड्यात थकली. मलमाचा दाब गेल्याबरोबर कपाळ पेटल्यासारखं उठलं. टोपीचं रबर टेकवत नव्हतं. सकाळी तोंडावर नुसतं पाणी मारताना तिचा हात आपोआप काथ्याकडे जायचा. तिनं तो नंदूला माळ्यावर टाकायला लावला.

"डॉक्टर म्हणते काही करू नको, आणि पगार इस्पितळाचा घेते," नंदू म्हणाला. "मला पण असं काम बघ कुठं."

एकोणतीस मार्चला जेवणाच्या सुट्टीत अंबूबाईनं कपाट उघडलं आणि ट्यूब तिच्या हातात ठेवली.

"आज लाव, उद्या लाव. परवा कंपनीचा डॉक्टर येईल तेव्हा कपाळ सपाट असंल. तू म्हणशील तर मी प्रणीतला सांगते की मोठ्या डॉक्टरचा कागद मागनं येतोय. पास हो. मग तुझं ते काय नमुना-बिमुना करायचं ते कर."

"मग पुन्हा पंधरा दिवस पहिल्यापासून मोजायला लागतील."

"मोज की. नोकरी राहील तर मोजशील."

बाकीच्या बायका डबे खात ऐकत होत्या. अंबूबाईचं खोटं नव्हतं. ट्यूब शिवलीलाच्या तळहातावर होती, झाकण सैल. दोन दिवसांचं काम. चार वर्षं केलेलं काम. परवा डॉक्टर पुढे जा म्हणाला असता, आणि सोमवारी ती आपल्या जागेवर उभी राहिली असती.

"अक्का, तू मला शिकवलंस तेव्हा काय म्हणाली होतीस? एका बाजूनं भाजलेली चपाती म्हणजे काय?"

"कच्ची."

"मग?"

"हे चपाती आहे काय?" अंबूबाई चिडली. "हे तोंड आहे. तोंडावर पोट आहे."

शिवलीलानं ट्यूब परत दिली. आपण बरोबर केलं असं तिला वाटलं नाही. काय वाटलं तेही तिला नीट सांगता आलं नसतं. आठ दिवस झाले होते, सात राहिले होते, एवढंच तिला ठाऊक होतं.

एकतीसला कंपनीच्या डॉक्टरनं तिच्या कपाळाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा लाल खूण केली. प्रणीतनं भार्गवीची चिठ्ठी दोनदा वाचली.

"ताई, हे 'तपास चालू' मला चालत नाही."

"मला ठाऊक आहे."

"जून एंडपर्यंत मी तुमची जागा टेंपररी भरतो. त्याच्या पुढे नाही. तोपर्यंत क्रेट वॉशिंग. सॉरी."

शिवलीला क्रेट धुवायला गेली. मागच्या अंगणात, नळाखाली. वरून विमानतळाकडं जाणारी विमानं दिसायची. पहिल्या दिवशी तिनं शेजारच्या बाईनं धुतलेले सहा क्रेट परत धुतले, कोपऱ्यात भाताची शितं होती म्हणून. त्या बाईनं बोलणं सोडलं.

पाच एप्रिलला ती न घासलेलं तोंड घेऊन इस्पितळात गेली. बसमध्ये पदर कपाळावर ओढून बसली. डॉक्टरनं चिकटपट्टी दाबली, उचलली.

आठ दिवसांनी गेली, तर या वेळी उगवलं होतं. डॉक्टरनं तिला ती काचेची बशी दाखवली. ऑलिव्ह तेल घालून वाढवलेले, सायीच्या रंगाचे ठिपके. आणखी काही दिवसांनी दुसरा कागद आला. मलमातलं औषध त्या ठिपक्यांवर चाललं नव्हतं. दुसऱ्या एका जातीचं चाललं होतं.

"एवढुसं?" शिवलीला बशीकडे बघत म्हणाली.

"एवढुसंच."

"हे माझं, का अंबूअक्काचं? ट्यूब एक, बोटं अकरा जणींची."

"ते मलाही सांगता येणार नाही. त्या आल्या तर कदाचित कळेल."

औषध सहा आठवड्यांचं होतं. डॉक्टरनं बजावलं, "तिसऱ्या आठवड्यात कपाळ स्वच्छ दिसेल. तेव्हा थांबायचं नाही."

तिसऱ्या आठवड्यात कपाळ खरंच स्वच्छ झालं. थोडे मुरमांचे डाग राहिले. नंदू म्हणाला, "झालं की आता. उरलेलं औषध ठेवून दे, पुढं कामाला येईल." तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. रोजची गोळी, रोजचं नवं मलम, रोज एकदा धुणं, तेही हलक्या हातानं. हलका हात तिला शिकावा लागला. आणि जिथं काही दिसत नाही तिथं रोज औषध लावायचं, हे तिला शेवटपर्यंत विचित्र वाटत राहिलं. उठलेलं कपाळ घासून नेलं तेव्हा नमुन्यात काही नव्हतं. आता दिसत काही नाही, तर औषध चालू. दिसणं आणि असणं यांचा मेळ तिला लावता आला नाही. तिनं तो नाद सोडला आणि दिवस पुरे केले.

दोन जूनला दाखला मिळाला. तीनला ती लाईनवर होती. तिची जुनी जागा नव्हे, पट्ट्याच्या शेवटाला, तेलाचा हात लावायच्या ठिकाणी. टोपीचं रबर तिनं स्वतः सैल शिवून घेतलं होतं. पहिल्या तासात तिनं तीन चपात्या एका बाजूनं कच्च्या म्हणून मागे पाठवल्या.

दुपारी अंबूबाई तिच्याजवळ येऊन बसली. डबा उघडला नाही.

"बघ गं स्वल्प, जरासं," ती म्हणाली आणि गळ्याखालचा पदर बाजूला केला. छातीवर तसंच बारीक पुरळ होतं. "दोन महिने झाले. ट्यूब अख्खी संपली माझ्या एकटीच्यावर. लागू पडत नाही."

"कधीपासून लावत नाहीस?"

"काल लावली की."

"मग आजपासून पंधरा दिवस."

अंबूबाईनं बाकीच्या बायकांकडे पाहिलं. त्या डब्यांत बघत होत्या. त्यातल्या दोघी-तिघींचे हात नकळत खांद्याकडं, मानेकडं गेले.

"तेवढ्यात कुणी बघितलं आणि दाखला गेला तर?"

"क्रेट आहेत," शिवलीला म्हणाली. "कोपरे नीट धुतलेस तर बाई बोलत नाही तुझ्याशी. बाकी काम बरं आहे."

पंधरा दिवसांनी दोघी इस्पितळाच्या रांगेत उभ्या होत्या. उकडत होतं. अंबूबाई घामानं भिजली होती आणि सारखी दाराकडे बघत होती. डॉक्टरबाईंच्या खोलीचा पडदा हलला, त्यांचा नंबर पुकारला गेला. आयुष्यभराच्या सवयीनं अंबूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, जिभेला लावून ओलं केलं आणि गळ्याकडे नेलं.

शिवलीलानं तिचं मनगट धरलं.

"पुसू नको," ती म्हणाली. "असंच चल."